बिडकीनच्या आखणीत सुट्या भागांच्या कारखान्यांनाही जागा हवी

प्रति,
मा. संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीन औद्योगिक नगरीत, म्हणजेच औरिकमध्ये, येऊ घातलेल्या वाहननिर्मिती प्रकल्पांविषयी आपल्या दैनिकात सातत्याने बातम्या येत आहेत. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, त्याच सुमारास एथर आणि जेएसडब्ल्यू यांच्या विद्युत वाहन प्रकल्पांचीही घोषणा झाली, आणि तेव्हापासून हजारो कोटींच्या गुंतवणुकीचे आकडे जिल्ह्यात प्रत्येकाच्या तोंडी आहेत. या प्रकल्पांचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु या सर्व चर्चेत एका गोष्टीचा उल्लेख क्वचितच होतो. वाहन जोडणाऱ्या मोठ्या कारखान्याभोवती सुट्या भागांचे कारखाने इथल्या मातीत उभे राहणार की ते भाग पुण्याहून, चेन्नईहून किंवा परदेशातून खोक्यांत भरून येणार, यावर मराठवाड्याचा खरा लाभ अवलंबून आहे. याच शहरालगतच्या वाळूज औद्योगिक वसाहतीचा चाळीस वर्षांचा अनुभव या बाबतीत पुरेसा बोलका आहे, आणि तो नीट मांडण्यासाठी मी एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीची वाटचाल उदाहरण म्हणून घेत आहे.

सुरुवातीसच सांगतो की मी त्या कंपनीचा कधी कर्मचारी नव्हतो आणि तिचा भागधारकही नाही. वाळूज औद्योगिक वसाहतीत अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव भागांचे मशीनिंग, म्हणजे यंत्रावर भोके पाडणे आणि कापकाम, करणाऱ्या एका लहान कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करून मी निवृत्त झालो. त्यामुळे मोठ्या कंपन्यांची वाढ मी त्यांच्या कार्यालयातून नव्हे, तर त्यांच्या मालवाहू गाड्या जिथे उभ्या राहत त्या फाटकापाशी राहून पाहिली आहे.

वाळूजची कथा १९८५ पासून सांगण्याचा प्रघात आहे, पण तिची पूर्वतयारी सार्वजनिक पैशातून त्याआधी दोन दशके चालू होती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९६४ मध्ये उद्योग मुंबई-पुण्याच्या पट्ट्याबाहेर जावेत म्हणून राज्याने सामूहिक प्रोत्साहन योजना आणली आणि मागास भागात कारखाना काढणाऱ्यांना पुढे विक्रीकराच्या सवलती मिळत गेल्या. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गोदावरीचे हे पाणी शेतीबरोबर शहराला आणि औद्योगिक वसाहतींनाही मिळू लागले, आणि ते नसते तर वाळूजच्या माळावर भट्टी पेटवण्याचे धाडस कोणत्याच उद्योजकाने केले नसते. या धरणाच्या नाथसागर जलाशयाखाली ज्यांची गावे गेली आणि वसाहतीसाठी ज्यांच्या जमिनी संपादित झाल्या, त्या कुटुंबांचा वाटा या औद्योगिक प्रगतीत आहे. तो कोणत्याही कंपनीच्या वार्षिक अहवालात नोंदला जात नाही, म्हणून येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

अशा पायावर १९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूज प्रकल्प सुरू झाला. तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले होते. त्याच वर्षी अनुरंग जैन यांनी तेव्हाच्या औरंगाबादेत दोन डाय कास्टिंग मशीन घेऊन अ‍ॅल्युमिनियमचे ओतीव भाग बनवण्यास प्रारंभ केला, आणि आज जी कंपनी एन्ड्युरन्स म्हणून ओळखली जाते तिचा हा आरंभ होय. जैन हे राहुल बजाज यांचे भाचे. हे नाते सर्वज्ञात आहे, आणि मामाच्या कारखान्याचे काम भाच्याला मिळाले, असे म्हणून हा विषय अनेकदा दोन वाक्यांत निकाली काढला जातो. पहिली ऑर्डर मिळण्यात नात्याची मदत झालीच असणार. तसे नाते आणि तसे भांडवल गंगापूर किंवा पैठण तालुक्यातल्या कोणा होतकरू तरुणापाशी नव्हते, ही वस्तुस्थितीही नाकारता येत नाही. तरीही या कंपनीच्या ग्राहकांत पुढे होंडा, यामाहा, रॉयल एन्फिल्ड, हीरो आणि टीव्हीएस यांची भर पडली, आणि यांपैकी कोणाचेही वाळूजशी सोयरेसंबंध नव्हते. त्यांनी माल घेतला तो मालाची पारख करून. म्हणूनच तो माल कसा बनतो, हे वाचकांपुढे थोडे सविस्तर ठेवणे मला गरजेचे वाटते, कारण ज्यांनी ही भट्टी जवळून पाहिलेली नाही त्यांना या वाढीमागच्या कष्टांची कल्पना येणे कठीण आहे.

प्रेशर डाय कास्टिंगमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या लाद्या वितळवून सुमारे ६५० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानाचा रस मशीनच्या नळकांड्यात ओतला जातो, आणि दट्ट्या तो रस सेकंदाच्या लहानशा अंशात पोलादी साच्यात दाबून भरतो. या साच्याला आम्ही डाय म्हणतो. तिचे दोन भाग शेकडो टनांच्या जोराने एकमेकांवर दाबून धरलेले असतात. रस घट्ट झाला की डाय उघडते, पिना भाग बाहेर ढकलतात, डायवर पाणीमिश्रित फवारा मारला जातो आणि पुढचा शॉट सुरू होतो. एक शॉट साधारण मिनिटभराचा असतो आणि पाळी आठ तासांची. प्रत्येक शॉटला डाय वितळलेल्या धातूने तापते आणि फवाऱ्याने गार होते, त्यामुळे काही काळाने तिच्या पृष्ठभागावर बारीक भेगांचे जाळे पडते आणि ते जसेच्या तसे भागावर उमटू लागते. डाय उघडून दुरुस्त करायची की आजचा लॉट पूर्ण करायचा, हा निर्णय पाळीच्या सुपरवायझरला घ्यावा लागतो, आणि तो चुकला तर हजारो भाग पुन्हा भट्टीत जातात.

याहून अवघड दोष असतो तो आतल्या हवेचा. रस एवढ्या वेगाने शिरताना साच्यातली सगळी हवा बाहेर पडू शकत नाही, आणि जी अडकते तिची धातूच्या पोटात पोकळी होते. तिला सगळे कामगार ब्लो होल म्हणतात. भाग बाहेरून गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो. मशीनिंगला गेल्यावर, म्हणजे त्यावर आणखी वेळ आणि पैसा खर्च झाल्यावर, भोक पाडताना ती पोकळी उघडी पडते. इंजिनच्या आवरणासारख्या भागात तेल राहायचे असल्याने आम्ही त्याची तोंडे बंद करून आत दाबाची हवा सोडत असू आणि भाग पाण्याच्या टाकीत बुडवून धरत असू. काही क्षण टाकीकडे टक लावून पाहायचे आणि एका कोपऱ्यातून मोहरीएवढा बुडबुडा सुटला की भागावर लाल खूण करायची, हेच माझे बरीच वर्षे काम होते. रस कुठल्या बाजूने शिरावा, हवेला वाट कुठे द्यावी, दट्ट्याचा वेग कोणत्या टप्प्यावर वाढवावा, हे ज्या कारखान्याला कळते त्याचे रिजेक्शन, म्हणजे नापास मालाचे प्रमाण, कमी राहते. हे ज्ञान पुस्तकातून अर्धेच मिळते. उरलेले अर्धे वर्षानुवर्षे त्याच भट्टीपाशी उभे राहिलेल्या माणसांच्या हातांत आणि डोळ्यांत साठलेले असते. दोन मशीनवर सुरू झालेला कारखाना चाळीस वर्षे टिकला आणि वाढला याचे पहिले कारण मी हे मानतो की त्याने हे ज्ञान साठवले आणि विखरू दिले नाही.

दुसरे कारण बाजारातील एका मोठ्या स्थित्यंतरात आहे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय ग्राहक स्कूटरकडून मोटारसायकलकडे वळला. त्याच सुमारास वाहन कंपन्यांनी, आणि त्यांत बजाजनेही, पुरवठादारांची संख्या मोठ्या प्रमाणात घटवली. पूर्वी एकच भाग चार-पाच लहान कारखान्यांकडून घेतला जाई. आता कंपन्यांना पूर्ण जुळणी तयार हवी होती, शिवाय त्या जुळणीचा आराखडा, चाचणी आणि जबाबदारीही पुरवठादारानेच घ्यावी अशी अपेक्षा होती. अनेक लहान कारखाने या टप्प्यावर बंद पडले किंवा मोठ्या पुरवठादारांच्या हाताखाली गेले. एन्ड्युरन्सने ओतकामाच्या पुढे जाऊन शॉक अ‍ॅब्सॉर्बर, क्लच आणि ब्रेक अशा संपूर्ण प्रणाली बनवण्यास घेतल्या. मोटारसायकलचे पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कचे उदाहरण पाहिले तर यातला फरक कळतो. त्यातील नळीवर हार्ड क्रोमचा मुलामा असतो, आणि त्या मुलाम्यावर केसाएवढा ओरखडा राहिला तरी ऑइल सील झिजते, तेल गळू लागते आणि चालकाचा तोल सांभाळणारा भाग निकामी होतो. ओतीव झाकण बनवणाऱ्याचा दोष रिजेक्शनच्या पेटीत संपतो, पण फोर्क किंवा ब्रेक बनवणाऱ्याचा दोष रस्त्यावर एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो. ही जबाबदारी घेण्यासाठी प्रयोगशाळा, अभियंते आणि चाचणीचा ट्रॅक लागतो. कंपनीने हे सारे छत्रपती संभाजीनगर परिसरात उभे केले, हे माझ्या दृष्टीने तिच्या उलाढालीपेक्षा अधिक मोलाचे आहे. २०१९ पासून सर्व नव्या दुचाकींना इंजिनच्या क्षमतेनुसार एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी प्रणाली) किंवा दोन्ही चाकांना एकत्र लागणाऱ्या जोडब्रेकची सक्ती झाली तेव्हा ब्रेकच्या व्यवसायात आधीपासून असलेल्यांनाच त्या संधीचा उपयोग करता आला.

पुढच्या वाटचालीविषयी थोडक्यात लिहितो, कारण ती आर्थिक पानांवर येऊन गेलेली आहे. बजाजने १९९९ मध्ये चाकणला आणि २००७ मध्ये पंतनगरला कारखाने काढले, तसे पुरवठादारही तिकडे गेले आणि वाळूजच्या वाट्याची काही वाढ बाहेर वळली. २००६-०७ मध्ये एन्ड्युरन्सने जर्मनी आणि इटलीतील ओतकाम व मशीनिंगच्या कंपन्या विकत घेतल्या, त्यामुळे युरोपातील मोटारींचे भाग बनवण्याचा मार्ग खुला झाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीची शेअर बाजारात नोंदणी झाली. २०२३-२४ या वर्षात तिचे एकत्रित उत्पन्न १० हजार कोटी रुपयांच्या पुढे गेले. मुख्यालय मात्र आजही वाळूजलाच आहे. मराठवाड्यात जन्मलेल्या किती कंपन्यांविषयी असे म्हणता येईल, याचा विचार वाचकांनी करावा.

अनुरंग यांचे जुळे बंधू तरंग जैन यांच्या व्हॅरॉकची वाटचालही याच शहरातून सुरू झाली, आणि तिच्यात एक वेगळा धडा आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने प्लास्टिकच्या भागांपासून सुरुवात केली, २०१२ मध्ये अमेरिकेच्या व्हिस्टिऑनचा मोटारींच्या दिव्यांचा जागतिक व्यवसाय विकत घेतला आणि दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, युरोप-अमेरिकेतील तो व्यवसाय विकून टाकला. याला अपयश म्हणणे मला उचित वाटत नाही. वाळूजमधून निघालेली कंपनी जगातील मोठ्या मोटार उत्पादकांना दिवे पुरवण्याच्या स्पर्धेत उतरली, आणि ते ओझे पेलत नाही असे दिसताच मूळ व्यवसाय सांभाळण्यासाठी तिने वेळीच माघार घेतली. सुट्या भागांच्या धंद्यात नफ्याचे प्रमाण इतके अरुंद असते की उशिरा घेतलेली माघार संपूर्ण कंपनीला बुडवू शकते.

या दोन मोठ्या कंपन्यांच्या बरोबरीने बडवे इंजिनिअरिंग आणि धूत ट्रान्समिशन यांच्यासारखे उद्योग येथे वाढले, आणि त्यांच्या खाली दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या असंख्य लहान कारखान्यांचे जाळे पसरले. कोणी फक्त मोजमापाचे गेज बनवतो, कोणी डायला पॉलिश करतो, कोणाकडे दोन संगणकचलित (सीएनसी) मशीन आणि कामाला चार मुले आहेत, तर कोणी फेटलिंग म्हणजे ओतीव भागांच्या कडा घासून देण्याचे जॉबवर्क करतो. चिकलठाण्याचे इंडो-जर्मन टूल रूम आणि वाळूजचे मराठवाडा ऑटो क्लस्टर या संस्थांनी जी यंत्रे आणि तपासणीची साधने लहान उद्योजकाला स्वतः घेणे अशक्य होते ती त्याला भाड्याने उपलब्ध करून दिली. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी ही एकेकाळची खेडी आज भाड्याच्या खोल्यांनी भरली आहेत आणि बजाजनगरात मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातली माणसे शेजारी-शेजारी राहतात. तिथल्या रस्त्यांची, सांडपाण्याची आणि नगर नाक्यापासून वाळूजजवळच्या पंढरपूर गावापर्यंतच्या वाहतुकीची अवस्था हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

आता याची तुलना शेंद्र्याशी करून पाहावी. २००१ मध्ये स्कोडाचा कारखाना शेंद्र्यात सुरू झाला तेव्हा आपल्याकडे केवढा आनंद झाला होता, हे अनेकांना आठवत असेल. परदेशी मोटार कंपनी मराठवाड्यात आली होती. पण त्या कारखान्याचे स्वरूप मुख्यतः सुट्या स्वरूपात आयात केलेल्या संचांच्या जोडणीचे राहिले. आजही तिथे स्कोडा आणि ऑडीच्या काही महागड्या मोटारी जोडल्या जातात. मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन, जिथे स्थानिक भागांची गरज भासते, ते त्या समूहाने २००९ मध्ये चाकणला सुरू केले. कंपनीने आपल्या धंद्याच्या हिशेबाने निर्णय घेतला आणि त्यात गैर काही नाही. आपण मात्र हे लक्षात घेतले पाहिजे की वाहन कंपनीचा फलक लागला म्हणजे पुरवठादारांची वसाहत आपोआप उभी राहत नाही. वर्षाला किती वाहने बनणार आणि त्यांतील किती भाग जवळपास बनणार, या दोन आकड्यांवर ते ठरते, आणि सामंजस्य करारांच्या बातम्यांत हे दोन आकडे सहसा नसतात.

यात विद्युत वाहनांमुळे आणखी एक गुंतागुंत निर्माण झाली आहे. विद्युत दुचाकीत इंजिन नसते, म्हणून इंजिनची आवरणे, पिस्टन, कार्ब्युरेटर, सायलेन्सर, क्लच आणि बहुतेक वेळा गिअरही नसतात. वाळूजमधल्या कित्येक लहान कारखान्यांचा संपूर्ण धंदा यांपैकी एखाद्याच भागावर उभा आहे. शॉकअप, ब्रेक, चाके आणि मोटर-बॅटरीची अ‍ॅल्युमिनियमची आवरणे यांची गरज राहील. एन्ड्युरन्सने २०२२ मध्ये बॅटरी व्यवस्थापनाची इलेक्ट्रॉनिक प्रणाली बनवणाऱ्या मॅक्सवेल एनर्जी सिस्टिम्समध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला तो याच बदलाचा अंदाज घेऊन. मोठ्या कंपनीला असे वळण घेणे परवडते, तिसऱ्या फळीतल्या कारखानदाराला ते परवडत नाही. याच शहराने व्हिडिओकॉनचा उत्कर्षही पाहिला आणि २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेलेलीही पाहिली. त्या पडझडीला मोठे कर्ज आणि इतरही कारणे होती, पण काचेच्या पिक्चर ट्यूबचे युग संपल्यावर चितेगाव परिसरात त्या तंत्रावर पोट असलेल्या कामगारांना पुढची वाट दाखवणारी कोणतीही व्यवस्था तयार नव्हती. पेट्रोल इंजिनांच्या भागांबाबत तीच वेळ येऊ द्यायची नसेल तर तयारी आजच करावी लागेल.

लहान कारखानदाराच्या दुःस्थितीचे दुसरे कारण तंत्रज्ञानात नाही, ते बिलांच्या वसुलीत आहे. मी ज्या कारखान्यात होतो त्याचा मोठा ग्राहक मान्य केलेल्या मुदतीनंतरही महिनोन्‌महिने पैसे देत नसे. आमच्या मालकांनी कामगारांचे पगार भागवण्यासाठी घरातले दागिने गहाण ठेवल्याचे मी पाहिले आहे. त्या ग्राहकाचे नाव घेण्याचे मला प्रयोजन नाही, कारण ही रीत एकट्याची नव्हती. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. १ एप्रिल २०२४ पासून १९६१ च्या आयकर कायद्यातील ४३ब (ह) ही तरतूदही लागू झाली, जिच्यामुळे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न दिल्यास ग्राहक कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. कायदे चांगले आहेत. पण ज्याच्या एका ऑर्डरवर आपला कारखाना चालतो त्याच्याविरुद्ध तक्रार अर्ज देण्याची हिंमत लहान माणूस करील कशी? त्यामुळे ही देखरेख तक्रारीची वाट न पाहता प्रोत्साहन देणाऱ्या शासकीय यंत्रणेनेच केली पाहिजे. ज्या कंपनीला सरकारी सवलत मिळते तिने आपल्या लहान पुरवठादारांची देणी मुदतीत दिल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी द्यावे, अशी अट घालण्यास काहीच हरकत नसावी.

कामगारांविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र अपुरे राहील. ऐंशी-नव्वदच्या दशकांत वैजापूर, कन्नड, अंबड, गेवराई येथून आयटीआय करून आलेली मुले हेल्पर म्हणून लागत, मशीनवर चढत, मशीनची जुळवणी करणारे सेटर होत आणि काही जण पुढे स्वतःचा गाळा घेऊन जॉबवर्क सुरू करीत. वाळूजमधले बरेच लहान कारखाने असेच जन्मले आहेत. आज प्रवेशद्वारावरच्या मुलांत शिकाऊ आणि कंत्राटी मुलांची संख्या मोठी असते. वर्ष-दोन वर्षांत त्यांचा करार संपतो, ती दुसऱ्या फाटकावर जातात, आणि भट्टीजवळचे जे ज्ञान मी वर वर्णन केले ते कोणाच्याच हातात पुरेसे मुरत नाही. कंपन्यांना मंदीची भीती असते हे मला समजते. २०१९ च्या वाहनमंदीत आठवड्याचे दोन-दोन दिवस यंत्रे बंद राहिलेली मी पाहिली आहेत. तरीही चाळीस वर्षांची कमाई ज्या कुशल हातांमुळे झाली ते हातच टिकवायचे नाहीत, हे धोरण उद्योगाच्याही हिताचे नाही असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय वाळूजची भरभराट आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यातील एका कोपऱ्यापुरती राहिली. बीडचा ऊसतोड कामगार आजही दिवाळीनंतर बैलगाडी किंवा ट्रॅक्टर घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे जातो, आणि परभणी-हिंगोलीचा पदविकाधारक मुलगा चाकणच्या बसमध्ये बसतो. त्यांच्या तालुक्यातील आयटीआयमध्ये डाय कास्टिंगचे, इलेक्ट्रॉनिक जुळणीचे किंवा बॅटरी दुरुस्तीचे शिक्षण मिळाले तर बिडकीन त्यांच्यासाठी खुले होईल.

म्हणून राज्य शासनाकडे, औरिकच्या प्रशासनाकडे आणि आपल्या लोकप्रतिनिधींकडे आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे. बिडकीनची जवळपास ८ हजार एकर जमीन शेतकऱ्यांकडून घेतलेली आहे, आणि तिच्यात मोठ्या प्रकल्पांच्या शेजारी लहान भूखंड आणि तयार गाळे यांचे क्षेत्र राखून ठेवावे, कारण दोन सीएनसी मशीन घेऊन उभा राहणारा तरुण एकराच्या हिशेबाने जमीन विकत घेऊ शकत नाही. वाळूजच्या ऑटो क्लस्टरप्रमाणे तपासणी आणि डाय दुरुस्तीची सामायिक सोय तेथे पहिल्या कारखान्याबरोबरच सुरू व्हावी, पाच वर्षांनंतर नव्हे. मेगा आणि अल्ट्रा मेगा प्रकल्पांना ज्या विशेष सवलती दिल्या जातात त्यांचा काही भाग तरी मराठवाड्यातून केलेल्या खरेदीशी जोडावा. ही मागणी मसिआ आणि सीएमआयए या उद्योजकांच्या संघटनांनीही लावून धरावी, कारण त्यांच्या लहान सभासदांचे भवितव्य यातच आहे.

आणि आपल्या वार्ताहरांना एक सुचवावेसे वाटते. यापुढे एखाद्या वाहन प्रकल्पाच्या कराराची बातमी देताना गुंतवणूक आणि रोजगार या दोन आकड्यांबरोबर तिसराही आकडा संबंधित मंत्री आणि कंपनी यांना विचारावा. पहिले वाहन बाहेर पडेल त्या वर्षी त्यातील किती टक्के भाग छत्रपती संभाजीनगर, जालना आणि शेजारच्या जिल्ह्यांतून घेतले जातील, आणि पाच वर्षांनी ते प्रमाण किती असेल, हा तो प्रश्न. मिळालेले उत्तर छापावे, आणि उत्तर मिळाले नाही तर तसेही छापावे.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त गुणवत्ता तपासनीस,
बजाजनगर, वाळूज, जि. छत्रपती संभाजीनगर